थांबणारा हरत नाही

मोटारसायकल आता खेड्यात नवलाची राहिलेली नाही. दूध डेअरीवर न्यायचे असो, वर्ध्याच्या बाजारात जायचे असो, की आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायचे असो, दारातली गाडी काढली की झाले. पण याच मोटारसायकलीवर बसून माणसे दोन आठवडे वाळवंटातून शर्यत खेळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. त्या शर्यतीची माहिती आम्ही आज सांगणार आहोत. तिच्यातला एक नियम आपल्या गावच्या रस्त्यावरही उपयोगी पडेल असा आहे.

शर्यत कोठे होते?

या शर्यतीचे नाव डकार. डकार हे आफ्रिकेतल्या सेनेगल देशाचे मोठे शहर. २६ डिसेंबर १९७८ रोजी फ्रान्स देशातल्या पॅरिसहून पहिली शर्यत निघाली. सहारा वाळवंट ओलांडून ती डकारला पोचली. अंतर होते सुमारे १०,००० किलोमीटर. २००९ पासून ही शर्यत दक्षिण अमेरिकेत होऊ लागली आणि २०२० पासून सौदी अरेबियात. जागा बदलली, नाव मात्र तेच राहिले.

आपल्या देशाचे सी. एस. संतोष २०१५ साली या शर्यतीत उतरले. मोटारसायकलीवर डकार खेळणारे ते पहिले भारतीय. २०२१ साली महाराष्ट्रातले आशिष रावराणे उतरले. त्यांचा व्यवसाय विमान चालवण्याचा. त्याच वर्षी केरळचे हरिथ नोआ यांचा विसावा क्रमांक आला. संतोष यांना मात्र त्या वर्षी जबर अपघात झाला. हेलिकॉप्टरने त्यांना रियाध शहराच्या रुग्णालयात नेले आणि त्यांचा जीव वाचला.

वाट वाचावी लागते

एखाद्या दिवशी तर स्वाराला ८०० किलोमीटरच्या आसपास जावे लागते. म्हणजे वर्ध्याहून निघून त्याच दिवशी मुंबई गाठायची! त्यातही डांबरी सडक थोडी. बाकी वाळूच्या टेकड्या, दगडगोटे आणि कोरडे नाले. रस्ता पुसावा तर माणूस दिसत नाही.

मग वाट सापडते कशी? स्वाराला वाटेची एक वही मिळते. पुष्कळ वर्षे ती कागदाच्या लांब गुंडाळीवर असे. गाडीच्या हँडलवरच्या डबीत ती बसवत. इतक्या किलोमीटरवर डावीकडे वळा, पुढे खड्डा आहे, असे त्यात खुणांनी दाखवलेले असते. उद्गारचिन्ह आपण शिकलो आहोत. त्या वहीत एक उद्गारचिन्ह असेल तर सावध राहायचे. तीन असतील तर मोठा धोका समजायचा. ज्याने नीट वाचले नाही, तो वाट चुकला किंवा पडला. गाडी चालवता येणे पुरेसे नाही, वाचताही आले पाहिजे.

पडलेल्यासाठी थांबणे

आता मुख्य गोष्ट. २०१६ सालच्या शर्यतीत पोर्तुगाल देशाचा पाउलो गोन्साल्विस पुढच्या स्वारांत होता. वाटेत त्याला माथियास वॉकनर नावाचा स्वार पडलेला दिसला. त्याच्या मांडीचे हाड मोडले होते. वॉकनर दुसऱ्या संघाचा, म्हणजे प्रतिस्पर्धी. तरी पाउलोने गाडी थांबवली. सुमारे ११ मिनिटे तो त्याच्यापाशी राहिला.

हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा एक काका चटकन म्हणाले, "पण गुरुजी, थांबला त तो हरला ना जी!"

नाही, हरला नाही. या शर्यतीत नियमच असा आहे की, जखमी माणसासाठी थांबलेला वेळ पंच त्या स्वाराला परत देतात. पाउलोलाही त्याची मिनिटे परत मिळाली. वॉकनर बरा झाला आणि २०१८ साली त्याने हीच शर्यत जिंकली.

पुढे २०२० साली पाउलो आपल्या देशातल्या हीरो कंपनीच्या संघातून खेळत होता. १२ जानेवारीला तो वाळवंटात पडला. मागून आधीच्या वर्षीचा विजेता टोबी प्राइस आला. त्याने शर्यत बाजूला ठेवली, मदत बोलावली आणि तो तेथेच थांबला. सूचना मिळाल्यापासून आठ मिनिटांत हेलिकॉप्टर आले. पण पाउलो वाचला नाही. दुसऱ्या दिवशीची मोटारसायकलींची शर्यत रद्द झाली. सगळीच माणसे वाचतात असे नाही. पण पाउलो वाळूत एकटा पडून राहिला नाही.

आपल्या रस्त्यावर

आपल्याकडे काय होते? रस्त्यात माणूस पडलेला असतो. भोवती गर्दी जमते. पण हात कोणी लावत नाही. "पोलिसाचे लचांड मागे लागेल, कोर्टात खेटे घालावे लागतील," ही भीती असते. ही भीती आता सोडून दिली पाहिजे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली. मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण दिले आहे. आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे हक्क लिहिलेला फलक प्रत्येक रुग्णालयाने दाराशी लावावा, असा नियम आहे. रुग्णालयात गेलात तर तो शोधा आणि स्वतः वाचा.

अपघात दिसला तर एवढे करा :

१. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. ११२ वरही मदत मिळते.

२. जागा नीट सांगा. गावाचे नाव आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगा.

३. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा.

४. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते.

५. आग किंवा दुसरा धोका नसेल तर त्याला ओढू, उचलू नका. मान मोडलेली असू शकते.

आणि गाडीवर बसताना हेल्मेट घाला. डकारचा पट्टीचा स्वारही त्यावाचून गाडीवर बसत नाही. आपण तर बायकामुलांना मागे बसवून जातो.

आपल्याला मिनिटे परत देणारा पंच नाही, हे खरे. बाजार चुकेल, एसटी निघून जाईल. पण बाजार पुढच्या आठवड्यात भरतो, एसटी दुसरी येते. गेलेला माणूस काही येत नाही.

प्रश्न

१. वाटेच्या वहीत तीन उद्गारचिन्हे कशासाठी असतात?

२. थांबूनही पाउलो का हरला नाही?

३. १०८ आणि ११२ हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून घराच्या भिंतीवर लावा. शेजाऱ्यालाही लिहून द्या.