मॉली थरथरते, ती पाण्यामुळे

प्रश्न : टाकीत आरओचं शुद्ध पाणी भरतो, तरी मॉली जागच्या जागी थरथरतात, पंख मिटून वर तरंगतात. गप्पी मात्र ठीक आहेत. असं का?

उत्तर : आरओमध्ये पाण्यातले क्षार जवळजवळ सगळे निघून जातात. मॉली मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची, जड पाण्यातली. मृदू पाण्यात तिच्या शरीरातल्या क्षारांचा तोल ढळतो आणि ती अशी थरथरू लागते. गप्पी जरा काटक, म्हणून तग धरून आहेत. जड पाणी त्यांनाही मानवतं.

आरओ आजच थांबवा. नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरा. तेही मृदू असेल, तर स्वच्छ धुतलेला शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. तो हळूहळू विरघळून कॅल्शियम देतो. सामू ७.५ ते ८.२, तापमान २५ ते २८ अंश ठेवा. पाणी एकदम मात्र बदलू नका. दर दोन-तीन दिवसांनी पाचवा हिस्सा पुरे. घाईनेच जास्त मासे दगावतात.

अमोनियाही तपासून घ्या. सामू वाढला की तो अधिक विषारी होतो, त्यामुळे किटवर शून्यच दिसला पाहिजे.