घरात उंदीर निघाला तर? – मुलांसोबत घ्यायचा एक परिसर पाठ



आपल्या झाडीपट्टीत धान घरात आलं की त्याच्या मागोमाग उंदीरही येतो. घर कौलारू असो की स्लॅबचं, दिवाळीनंतर "घरात उंदरं झालेत" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. शाळेतही तेच. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं कुरतडलेलं असतं, कपाटातल्या वह्यांचा भुगा झालेला असतो. आपण याला किरकोळ त्रास समजतो आणि हाताला येईल तो उपाय करतो. पण आपण काय करतो ते मुलं पाहत असतात. म्हणून हा पाठ. तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात घेता येईल, घरीही घेता येईल.

आधी माझी चूक सांगते

मागच्या हिवाळ्यात आमच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात उंदीर दिसला. मी बाजारातून गोंदाचा चिकट पुठ्ठा आणला आणि ओट्याखाली ठेवला. पहाटे चिरकण्याच्या आवाजाने जाग आली. उंदीर पुठ्ठ्याला चिकटला होता. चारही पाय, पोट आणि एक कान. सुटायच्या धडपडीत अंगावरचे केस निघून आले होते. मला शाळेची घाई. मी पुठ्ठा दुमडला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि बाहेर कचऱ्यात टाकून दिला.

माझा मुलगा दुसरीत आहे. तो दारात उभा राहून हे बघत होता, हे मला कळलंच नाही. रात्री झोपताना त्याने विचारलं, "आई, तो अजून जिवंत असेल का?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण खरं उत्तर "असेल" असंच होतं. त्याच आठवड्यात मी वर्गात मूलभूत कर्तव्यं शिकवली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ५१-क आलं. त्यात निसर्गाचं रक्षण करणं आणि सजीवांविषयी दयाबुद्धी बाळगणं हेही नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. मुलांनी ते धडाधड म्हणून दाखवलं होतं आणि मी शाबासकी दिली होती.

भीती खोटी नाही, हे आधी मान्य करा

दयेचा पाठ शिकवताना "उंदीर बिचारा, राहू द्या त्याला" असं सांगून चालणार नाही. पालक हसतील, आणि त्यांचं हसणं बरोबर असेल. उंदीर घरात नको, याला पक्की कारणं आहेत.

पहिलं कारण रोग. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना तोच रोग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. हा रोग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमधून माणसात येतो. आपल्या विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात स्क्रब टायफसचे रुग्ण आढळले होते. तो आजार पसरवणारे बारीक जीवही उंदरांच्या अंगावर वाढतात. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो वेगळाच.

दुसरं कारण आपल्या जंगलपट्टीत फार मोठं आहे. ते म्हणजे साप. नाग, घोणस, धामण हे उंदरांच्या वासावर घरापर्यंत येतात. तणसाच्या ढिगात, लाकडाच्या रचलेल्या चळतीत, धानाच्या ढोलीमागे उंदीर असेल तर तिथे साप येण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे कितीतरी घरांत माणसं जमिनीवर झोपतात. तेव्हा उंदीर घराबाहेर ठेवणं हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

म्हणजे उंदीर घरात नकोच. प्रश्न एवढाच आहे की त्याला बाहेर कसं काढायचं.

उंदराची ओळख (मुलांना सांगायची माहिती)

घरात दिसणारा लहान उंदीर साधारण १५ ते २५ ग्रॅमचा असतो. मुलांना तराजूत तेवढे तांदूळ मोजून हातावर ठेवायला सांगा. एवढ्याशा जिवाला आपण किती घाबरतो ते त्यांचं त्यांनाच कळतं.

– त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. ते झिजवण्यासाठी त्याला सतत कुरतडावं लागतं. वह्यांवर त्याचा राग नसतो!
– त्याला फार स्पष्ट दिसत नाही. मिशा भिंतीला लावत तो कडेकडेने पळतो.
– पेन्सिल आत जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर शिरू शकतो.
– मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिल्लं होतात, एका वेळी पाच-सहा किंवा जास्तही. पिल्लं जन्मताना आंधळी आणि बिनकेसांची असतात. दोन आठवड्यांनी डोळे उघडतात.

या चार मुद्द्यांतच पुढचे सगळे उपाय दडलेले आहेत. मुलांना ते ओळखायला लावा.

काय करू नये

१. गोंदाचा पुठ्ठा. यात उंदीर लगेच मरत नाही. भूक, तहान आणि धडपड यांनी कित्येक तासांनी मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या सापळ्यांविरुद्ध राज्यांना सूचना पाठवलेल्या आहेत. या पुठ्ठ्याला पाल, चिमणी, सापाचं पिल्लूही चिकटतं. घरी आधीच लावला असेल आणि जीव अडकला असेल तर ओढू नका. हातमोजे घाला, चिकटलेल्या जागी खायचं तेल थोडं थोडं सोडा आणि हळूहळू सोडवा. हे मोठ्यांनीच करायचं.

२. विष. रक्त गोठू न देणारं औषध खाल्लेला उंदीर काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. कुठेतरी छतात मरतो आणि वास सुटतो. त्याला खाणारं घुबड किंवा मांजरही बाधित होऊ शकतं. पिवळा फॉस्फरस असलेली पेस्ट तर माणसासाठीही जीवघेणी आहे. त्यावर उतारा नाही. पोटात गेल्यावर पहिला एखादा दिवस माणूस बरा दिसतो, मग यकृत निकामी होऊ लागतं. ही पेस्ट भाकरीला लावून कोपऱ्यात ठेवणारी घरं आपल्याला माहीत आहेत. त्याच घरात रांगणारं मूलही असतं. चुकून कुणाच्या पोटात गेली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

३. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणं, पोरांच्या हाती काठ्या देणं. मारायचं कसं हे शिकवायला शाळा लागत नाही. थांबायचं कसं हे शिकवायला लागते.

काय करावं

*पहिली पायरी : जेवण बंद करा.* धान, डाळ, वाळवलेला मोह, चिवड्याचं पाकीट, सगळं पत्र्याच्या डब्यात किंवा घट्ट झाकणाच्या कोठीत. रात्रीची खरकटी भांडी तशीच ठेवू नका. कोंबड्यांचे दाणे आणि कुत्र्याची भाकर रात्री उचलून ठेवा.

*दुसरी पायरी : वाट शोधा.* काळ्या तांदळासारख्या लेंड्या आणि भिंतीच्या कडेचा मळकट पट्टा पाहत गेलात की भोक सापडतं. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आधी फिनेलच्या पाण्याने ओल्या करा, मग पुसा. हात साबणाने धुवा.

*तिसरी पायरी : पिल्लं आहेत का ते पाहा.* चिंध्या, कागद, तणस यांचं घरटं दिसलं आणि त्यात आंधळी पिल्लं असतील, तर आई पकडून दूर नेली की पिल्लं उपाशी मरतात. जमत असेल तर दोन-तीन आठवडे फक्त धान्य बंद ठेवा. पिल्लं हिंडती झाली की मग पिंजरा लावा.

*चौथी पायरी : पिंजरा.* आठवडी बाजारात मिळणारा लोखंडी जाळीचा पिंजरा चालतो. भिंतीला चिकटून लावा, कारण उंदीर कडेने पळतो. शेंगदाणा किंवा सुकं खोबरं आत अडकवा. संध्याकाळी लावला तर पहाटे बघायचाच. एवढ्या लहान जिवाला थंडीत उपाशी फार वेळ काढता येत नाही. विसरायची सवय असेल तर पिंजरा लावू नका.

*पाचवी पायरी : सोडणं.* पिंजऱ्यावर कापड टाका म्हणजे तो शांत राहतो. सांदवाडीपलीकडे, झुडपं आणि पालापाचोळा असेल तिथे, घराजवळच सोडा. लांब जंगलात नेऊन सोडलेल्या उंदराला ना बीळ माहीत असतं ना पाणी, तो बहुधा मरतो. शेजाऱ्याच्या पुंजण्याजवळही सोडू नका, आपलं संकट दुसऱ्याच्या माथी नको.

*सहावी पायरी : भोक बुजवा.* हे राहिलं तर वरचं सगळं फुकट. आमच्याकडे नळाच्या पाइपाभोवती अंगठ्याएवढी फट होती. तारेची घासणी कोंबली आणि वरून सिमेंट लावलं. नुसता कागद किंवा कापड तो कुरतडतो.

आता एक कडू गोष्टही सांगते. कधी कधी उंदीर एवढे वाढतात की ढोलीतलं वर्षाचं धान जातं. ज्याचं पोट त्या धानावर आहे त्याला मी पिंजऱ्याचं भाषण देणार नाही. मारावंच लागलं तर झटक्यात जीव जाईल असा चापाचा सापळा गोंदापेक्षा आणि विषापेक्षा बरा. पण तो मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि ते काम मुलांना देऊ नका.

वर्गातला प्रसंग

हे सगळं मी फळ्यावर लिहीत असताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमी त बांधीतले उंदरं भाजून खातो."

वर्ग हसला. तो मुलगा खाली बघू लागला. मला वाटतं, या पाठातला सगळ्यात अवघड क्षण हाच होता. तेव्हा मी "छी" म्हटलं असतं, तर दया नावाखाली मी एका मुलाला त्याच्या घराची लाज वाटायला लावली असती.

मी मुलांना हेमलकशाची गोष्ट सांगितली. १९७३ साली डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे लोकबिरादरी प्रकल्पात कामाला लागले. एकदा जंगलात त्यांना शिकारीहून परतणारे माडिया लोक भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू बिलगलेलं होतं. डॉक्टरांनी ते पिल्लू मागून घेतलं आणि वाढवलं. पुढे तिथे अनाथ वन्यप्राण्यांचं घरच उभं राहिलं. पण शिकार करणाऱ्यांना त्यांनी क्रूर म्हटलं नाही. ती शिकार भुकेची होती. प्राण्याचं पिल्लू आणि उपाशी माणूस, दोघांकडेही त्यांनी एकाच वेळी पाहिलं.

मग मी मुलांना विचारलं, "पोटासाठी मारणं आणि गंमत म्हणून मारणं, यात फरक आहे का?" अर्धा तास चर्चा चालली. शेवटी त्या मुलानेच सांगितलं, "आमचा आजा उंदराले खेळवत नाही. लगेच मारते." त्याच्या आजोबांना जे माहीत होतं, ते गोंदाचा पुठ्ठा आणणाऱ्या मला माहीत नव्हतं.

घरी करायची कृती

१. घरातल्या मोठ्यांसोबत उंदराच्या वाटा शोधा. घराचा नकाशा काढून त्यावर भोकं दाखवा.
२. कोणतं धान्य उघडं आहे त्याची यादी करा. आठवड्याने पुन्हा पाहा.
३. आजी-आजोबांना विचारा : पूर्वी धान उंदरांपासून कसं राखत?
४. घुबड आणि धामण शेतकऱ्याच्या कशा उपयोगी पडतात, पाच वाक्यं लिहा.

सूचना : उंदीर, पिल्लं, मेलेला उंदीर किंवा पिंजरा मुलांनी हाताळायचा नाही. फक्त पाहायचं, लिहायचं आणि सांगायचं.

शेवटी

फेब्रुवारीत आमच्याकडे पुन्हा उंदीर आला. या वेळी पिंजरा लावला. पहाटे माझ्याआधी मुलगा उठून बसला होता. आम्ही दोघं सांदवाडीत गेलो. मी दार उघडलं, उंदीर क्षणभर आतच बसला आणि मग तणसाकडे पळाला. मुलाने विचारलं, "याला घुबडाने खाल्लं तर?"

मी म्हटलं, "खाऊ शकतं. ते घुबडाचं जेवण आहे."

त्याने मान हलवली आणि घरात जाऊन फटीत कोंबायला तारेची घासणी शोधू लागला. आधीच्या उंदराविषयी त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. मला मात्र तो आठवतो.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरी मुलं अशा वेळी काय विचारतात? त्यांचे प्रश्न वहीत लिहून ठेवा. पुढचा पाठ त्यातूनच निघेल.