लंडन ते पॅरिस : अंतर आणि वेळ

दोन शहरांमधले अंतर म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेली रेघ, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भूगोलाच्या तासाला मी लंडन आणि पॅरिस ही जोडी मुद्दाम घेतो, कारण तेथे ही समजूत फार लवकर अपुरी पडते.

प्रथम रेघच मोजू. लंडनचे अक्षांश ५१ अंश ३० मिनिटे, पॅरिसचे ४८ अंश ५१ मिनिटे, फरक २.६५ अंशांचा. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा पॅरिस लंडनच्या दक्षिणेस २९४ किलोमीटर आले. रेखांशांतील फरक २.४८ अंशांचा; पण रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळ येत जातात आणि पन्नासाव्या अक्षांशाजवळ एक रेखांश जेमतेम ७१ किलोमीटर भरतो. म्हणजे पूर्वेस १७६. आता पायथागोरसाचा सिद्धांत लावा : ३४३ किलोमीटर. (लंडन-मॉस्कोला ही युक्ती चालणार नाही, तेथे पृथ्वीचा गोलपणा हिशेबात धरावाच लागतो.)

ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला ही वाट २६ मिनिटांची. वेळापत्रकात मात्र सव्वा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ दिलेला असतो. विद्यार्थ्यांना ही छपाईची चूक वाटते. वस्तुतः वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतची संथ चाल, रांगेतील प्रतीक्षा, चढण, वळणे, सारे तीत येते. एवढ्या लहान प्रवासात विमान पुरते वर पोचते न पोचते तोच उतरू लागते. पूर्ण वेग असा फार वेळ मिळतच नाही. २५ ऑगस्ट १९१९ रोजी या मार्गावर नियमित विमानसेवा सुरू झाली, तेव्हा हाउन्स्लो ते ल बूर्जे या प्रवासास सुमारे अडीच तास लागले होते. आज खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी जवळजवळ ४९० किलोमीटरची लांब वाट सव्वादोन तासांच्या आसपास तोडते, आणि तीही शहराच्या पोटातून थेट शहराच्या पोटात.

खरी गंमत घड्याळाची. लंडनहून ९ वाजता निघालेले विमान पॅरिसला ११ वाजून २० मिनिटांनी पोचते. परतीचे ९ ला निघून ९ वाजून २० मिनिटांनी. दोन्ही वेळा स्थानिक असतात आणि पॅरिसचे घड्याळ बाराही महिने एक तास पुढे. पुढचे विमान गाठायचे असेल, तर हा एक तास विसरणे महागात पडते.

सूर्याच्या हिशेबाने हा फरक तासाचा नाहीच. पॅरिस ग्रिनिचच्या पूर्वेस २ अंश २० मिनिटांवर. एका अंशास चार मिनिटे धरली तर फरक ९ मिनिटे २१ सेकंदांच्या आसपास येतो. १९११ साली फ्रान्सने ग्रिनिचची वेळ स्वीकारली. पण कायद्यात ग्रिनिचचे नाव न घेता 'पॅरिसची सरासरी वेळ, ९ मिनिटे २१ सेकंदांनी मागे' असे लिहिले! पुढे १९४० मध्ये जर्मन सैन्याने पॅरिस घेतले आणि तेथील घड्याळे बर्लिनशी जुळवली. युद्ध संपले, सैन्य गेले, वेळ मात्र तीच राहिली. म्हणून हिवाळी वेळेनुसार पॅरिसची माध्यान्ह सरासरीने घड्याळात १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास होते.