एप्रन, हातमोजे आणि चिमूटभर गुलाल

रसायनशास्त्र शिकवण्यात आणि पोरांच्या संशोधनावर देखरेख करण्यात माझी सगळी नोकरी कोल्हापुरात गेली. ‘एप्रन घाला’ हे सांगायला माणूस लागत नाही, ते दारावरच लिहिलेलं असतं. घातलेला एप्रन कधी, कुठं आणि कसा उतरवायचा, हे मात्र कुणी लिहीत नाही. सगळी भानगड तिथंच होते.

१. कापड सुतीच घ्या

दुकानात तयार मिळणारा एप्रन बहुधा टेरिकॉटचा असतो. चुरगळत नाही, लवकर वाळतो, दिसायला झकास. पण त्यातलं पॉलिएस्टर २५० अंशांच्या आसपास वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. सूत जळतं, पण चिकटत नाही. २००८च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेरी सांगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्ट-ब्युटाइल लिथियम सिरिंजमध्ये ओढत होती. दट्ट्या निसटला आणि हवा लागताच रसायनानं पेट घेतला. अंगात एप्रन नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. १६ जानेवारी २००९ला ती गेली.

इचलकरंजीचं सुती कापड पाऊण तासावर असताना आपण टेरिकॉट कशाला घ्यायचं? मीटरवर कापड घ्या आणि शिंप्याकडून शिवून घ्या. गुडघ्यापर्यंत लांबी, पूर्ण बाही, मनगटाला घट्ट पट्टी आणि पुढं टिचबटणं. ‘झबल्याला लावतात ती?’ असं आमच्या शिंप्यानं विचारलं होतं. हो, तीच. एका हिसक्यात एप्रन अंगावेगळा झाला पाहिजे, काजातून बटणं काढत बसायला तेव्हा वेळ नसतो. उन्हाळ्यात पोरं अर्ध्या बाहीचा हट्ट धरतात, तो पुरवू नका. ओढणी आणि साडीचा पदर एप्रनच्या आत, पिन लावून.

२. हातमोजा रसायन बघून निवडा

‘ग्लोव्हज घातलेत की, मॅडम!’ हे वाक्य मी रोज ऐकलं. घातलेत, पण कुठले? निळा पातळ नायट्राइल हातमोजा बऱ्याच कामांना चालतो, पण ॲसिटोन त्यातून लवकर आत येतं आणि डायक्लोरोमिथेनला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. ओला झाला की बदला, ‘एवढं संपवतो आणि बदलतो’ चालत नाही. कॅरन वेटरहान ही अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजची प्राध्यापक, विषारी धातूंचीच अभ्यासक. १९९६च्या ऑगस्टमध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे काही थेंब तिच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. पुढे तपासलं तेव्हा कळलं, हे द्रव्य त्या रबरातून काही सेकंदांत पार होतं. लक्षणं दिसायला महिने गेले आणि जून १९९७मध्ये ती वारली. तिनं त्या काळचे सगळे नियम पाळले होते, म्हणून ही गोष्ट मी नव्या पोरांना आधी सांगायची.

३. गुलालाचा तास

जोतिबाच्या डोंगराखाली राहणाऱ्या माणसाला गुलाल कुठवर पोचतो हे सांगावं लागत नाही. चैत्र यात्रेहून आलेल्याच्या कानामागं तो चार दिवसांनीही सापडतो. तोच गुलाल मी दरवर्षी नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी लॅबमध्ये आणायची. हातमोज्यांच्या बोटांना चिमूटभर लावायचा आणि म्हणायचं, ‘आता रोजचं काम करा.’ (चांगला बॅलन्स आधी झाकून ठेवा. आत गेलेला गुलाल निघता निघत नाही.)

दहा मिनिटांनी बघावं तर पेनाच्या टोपणावर, वहीच्या कडेला, ड्रॉवरच्या मुठीवर, दाराच्या कडीवर गुलाबी ठसे. चष्मा वर सरकवताना नाकाच्या दांडीवर आलेले. मोबाइलवर तर हमखास. एका हुशार पोराच्या ओठाच्या कोपऱ्यालाही रंग होता. तो विचार करताना पेन चावायचा, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मग हातमोजे काढायला लावायचे. निम्मी पोरं बोटांची टोकं धरून ओढतात आणि उघड्या हाताला रंग फासून घेतात. खरी रीत अशी: एका हातमोज्याची मनगटाजवळची बाहेरची बाजू चिमटीत धरायची आणि तो उलटा करत काढायचा. त्याचा गोळा दुसऱ्या, हातमोजा घातलेल्या मुठीत ठेवायचा. मग उघडं बोट दुसऱ्या हातमोज्याच्या आतून मनगटाशी सरकवायचं आणि तोही उलटा करत पहिल्यावर ओढून घ्यायचा. शेवटी हात साबणानं धुवायचे. हात कोरे निघेपर्यंत हा खेळ चालायचा. बाटली दुसऱ्या खोलीत न्यायची असेल तर एका हातात हातमोजा ठेवा आणि दुसरा हात दारासाठी उघडा.

४. भोकं परटानं पाडलेली नसतात

‘परटानं नवा एप्रन फाडला, मॅडम.’ दर सत्रात एक तरी तक्रार. एप्रन उजेडात धरला की कंबरेच्या उंचीवर, म्हणजे नेमकं टेबलाच्या कडेला टेकतो तिथं, ज्वारीएवढी भोकं आडव्या रांगेत दिसतात. पातळ सल्फ्युरिक आम्लाचा थेंब पडला की कापड ओलं होतं, वाळतं, काही झालेलं दिसत नाही. पण पाणी उडून जातं, आम्ल उडत नाही. ते घट्ट होत जातं आणि सूत आतून कुजवतं. इस्त्रीच्या उष्णतेनं ते काम आणखी लवकर होतं. धुताना कुजका धागा सुटतो आणि बिल परटाच्या नावावर फाटतं. थेंब पडला की एप्रन काढा, तेवढी जागा नळाखाली धरा आणि खायच्या सोड्याचं पाणी लावा.

परमँगनेटचा तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लानं जातो, आयोडिनचा हायपोनं. सिल्व्हर नायट्रेटच्या काळ्या डागाशी झगडू नका. आणि ब्लीच अजिबात नको: कापडात आम्ल राहिलं असेल तर क्लोरीन सुटतो आणि अमोनिया असेल तर क्लोरामाइन.

५. घरच्या मशीनमध्ये नाही

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठामुळे कोल्हापुरात थिन फिल्मचं काम रुजलं. कॅडमियमचं मीठ, थायोयुरिया आणि अमोनिया यांच्या गरम द्रावणात काचपट्टी उभी धरली की तिच्यावर कॅडमियम सल्फाइडचा सुरेख पिवळा थर चढतो. तोच पिवळेपणा काचपट्टी उचलणाऱ्याच्या मनगटपट्टीवरही चढतो, बाहीच्या शिवणीत जाऊन बसतो. कॅडमियम कर्करोगकारक आहे. असा एप्रन शनिवारी पिशवीत घालून घरी न्यायचा आणि लेकराच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकायचा, हे मी सुशिक्षित घरांत पाहिलं आहे. एप्रन लॅबमध्येच धुवावा. पहिलं पाणी टाकाऊ रसायनांच्या कॅनमध्ये जावं, सिंकमध्ये नाही. गटारातलं पाणी शेवटी पंचगंगेलाच मिळतं.

एप्रन घालून मिसळ खायला जाणाऱ्यांबद्दल काय बोलावं! पीएच.डी. करतोय हे तर्रीवाल्याला कळून काय मिळतं?

६. पावसाळ्यासाठी दुसरा एप्रन ठेवा

जुलैत कोल्हापुरात काहीच वाळत नाही. दमट एप्रन घालू नका, ओल्या कापडातून रसायन लवकर आत शिरतं. रेनकोटाची खुंटी वेगळी ठेवा, एप्रनच्या खुंटीवर दुसरं काही नको.

७. कोल्हापुरी दाराबाहेर

२०१९ साली जीआय मानांकन मिळालेल्या आपल्या चपलेचा मलाही अभिमान आहे, पण तिच्यात बोटं उघडी राहतात. लॅबमध्ये कातडी बंद बूटच हवेत. जाळीचे स्पोर्ट्स शूज नकोत, त्यांतून थेंब सरळ मोज्यात उतरतो.

८. मामांचं माप घ्या

खरेदीची यादी करताना विद्यार्थी मोजले जातात, प्राध्यापक मोजले जातात. काचसामान धुणारे मामा राहून जातात. कुणाच्या फ्लास्कमध्ये काय उरलंय हे त्यांना कुणी सांगत नाही आणि धुताना शिंतोडे छातीवर येतात. त्यांना पातळ हातमोजे आणि सुती एप्रन पुरत नाही. रबरी एप्रन, कोपरापर्यंतचे जाड हातमोजे, गमबूट आणि गॉगल लागतो. गमबुटाचं माप त्यांना विचारूनच घ्या. एका ठिकाणी सगळे ९ नंबरचे मागवले, मामांचा पाय ७चा. ते बूट कपाटातच राहिले आणि मामा अनवाणी.