ब्रेक लावला की लोकलची वीज जाते कुठे?

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून लोकलने जातो. नव्या गाड्या ब्रेक लावताना वीज तयार करतात आणि ती वरच्या तारेत परत सोडतात, असं परवा डब्यात कुणीतरी सांगत होतं. हे खरं आहे का? असेल तर ती वीज पुढे जाते कुठे? इलेक्ट्रिक बसचंही असंच असतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खरं आहे. तुमच्या डब्यातल्या माणसाने अगदी बरोबर सांगितलं.

धावत्या गाडीत केवढी ऊर्जा असते, ते आधी पाहू. बारा डबे आणि त्यात दाटीवाटीने उभी असलेली माणसं मिळून वजन 700 टन धरा; वेग ताशी 72 किलोमीटर. शाळेत शिकलेलं गतिज ऊर्जेचं सूत्र लावलं तर उत्तर येतं जवळपास 39 युनिट. आपल्या वीजबिलावर असतात तेच हे युनिट. बेताचा वापर असलेल्या घराला एवढी वीज आठ-दहा दिवस पुरेल. आणि गाडीला थांबायचं तर ही सगळी ऊर्जा काढून टाकावी लागते. दर स्टेशनाला.

जुन्या गाड्यांमध्ये ब्रेक शू चाकांवर घासले जायचे आणि ही ऊर्जा उष्णता होऊन हवेत विरायची. घासलेल्या ब्रेकची पूड रुळांवर पडायची ती वेगळीच. दोन-तीन मिनिटांनी पुढचं स्टेशन आलं की पुन्हा तेच.

नव्या गाड्यांमध्ये थांबवण्याचं बरंचसं काम मोटरच करते. मोटरला वीज दिली की ती चाक फिरवते; उलट चाकानेच मोटर फिरवली तर तीच मोटर वीज देऊ लागते. ही वीज फुकट येत नाही. ती निर्माण करताना मोटर चाकाला विरोध करते, आणि हा विरोध म्हणजेच ब्रेक. सायकलचा डायनॅमो चाकाला टेकवला की पेडल जड लागायचं, ते आठवा. वेग अगदी कमी झाला की मात्र मोटरचा हा जोर संपतो, आणि शेवटची थोडी गती मोडायला हवेच्या दाबावरचे नेहमीचे ब्रेकच लागतात.

सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेल्या गाड्या 2007 साली मुंबईत धावू लागल्या. त्यांच्या मोटरच्या डब्यात बसून कान दिलात तर गाडी सुटताना एक सूर चढत गेलेला ऐकू येतो. मोटरला हवी तशी वीज घडवून देणाऱ्या इन्व्हर्टरचं हे काम. स्टेशन जवळ आलं की तसाच सूर उतरत येतो. त्या वेळी छतावरून तारेला टेकलेल्या पेंटोग्राफमधून वीज खाली येत नसते, वर चाललेली असते. थांबण्याइतकी साधी गोष्ट कारणी लावणारं हे तंत्र मला फार मोलाचं वाटतं. डब्यातले स्क्रीन आणि घोषणा सगळ्यांच्या लक्षात येतात. खरी कमाल पायाखाली, फरशीखाली चाललेली असते.

आता तुमचा खरा प्रश्न : वीज जाते कुठे? सगळ्यात आधी शेजारच्या गाडीला. तुमची गाडी ठाण्यात थांबत असते तेव्हा आसपास एखादी गाडी सुटत असते, आणि सुटणाऱ्या गाडीला सर्वाधिक वीज लागते. एकीने सोडलेली वीज दुसरी तिथल्या तिथे उचलते. घेणारं कुणी नसेल तर काय? इथे तारेतल्या विजेचा प्रकार महत्त्वाचा ठरतो.

मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गाने धावली, 1500 व्होल्ट डीसीवर. या पद्धतीत सबस्टेशनमधले, एसीची डीसी करणारे रेक्टिफायर वीज एकाच दिशेने, तारेकडे, जाऊ देतात. म्हणजे जवळपास दुसरी गाडी नसेल तर परत आलेल्या विजेला वाटच नाही. ती गाडीतच रेझिस्टन्समध्ये जाळावी लागते किंवा साध्या ब्रेकवर भागवावं लागतं. 25,000 व्होल्ट एसीमध्ये मधे ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्यातून वीज दोन्ही दिशांना जाऊ शकते. शिवाय एकेका सबस्टेशनच्या टापूत जास्त गाड्या असतात, म्हणून गिऱ्हाईकही चटकन मिळतं. उरलेली वीज ग्रिडकडे जाऊ शकते. डीसीवरून एसीवर जाण्याचा हा बदल पश्चिम रेल्वेवर 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर 2015 मध्ये पूर्ण झाला. सगळ्यात आधी वीज मिळालेल्या हार्बरचा नंबर मात्र सगळ्यात शेवटी, 2016 मध्ये लागला. ही कामं रात्रीच्या ब्लॉकमध्ये, चालू मार्गावर झाली. ती करणाऱ्या माणसांचं कौतुक व्हावं तेवढं झालेलं नाही.

गाडीने घेतलेल्या विजेपैकी साधारण 30 टक्के वीज अशी परत मिळू शकते. दिल्ली मेट्रोने 2004 ते 2007 या काळात ब्रेकमधून सव्वाअकरा कोटी युनिट वाचवल्याचा हिशेब मांडला. सुमारे 90,000 टन कार्बन डायऑक्साइड त्यामुळे हवेत जायचा टळला आणि संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेत त्याची कार्बन क्रेडिटसाठी नोंदही झाली. आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते, म्हणून वाचलेल्या प्रत्येक युनिटला इतकी किंमत आहे. आणि गाड्या जितक्या जास्त आणि जवळजवळ, तितकं हे तंत्र चांगलं चालतं. वेळापत्रकात फेऱ्या वाढवा अशी मागणी प्रवासी करतात ना, ती या दृष्टीनेही रास्तच आहे.

बसचं तत्त्व तेच, फक्त वीज तारेऐवजी बसच्याच बॅटरीत जाते. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) गेली, आणि 1 जून 2022 रोजी त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस सुरू झाली. शहरात थांबत-सुटत जाणाऱ्या बसला याचा फायदा जास्त. हायवेवर एका वेगाने पळणाऱ्या बसला कमी, कारण ब्रेकच क्वचित लागतो.

घाटात मात्र चांगलीच कमाई होते. भरलेली बस 16 टनांची आणि लोणावळ्याकडून खाली खोपोलीकडे 500 मीटरची उतरण धरली, तर हिशेब सुमारे 22 युनिटवर जातो. हवेचा आणि टायरचा विरोध वजा जाता यातला मोठा भाग बॅटरीत येऊ शकतो, पण तिथे जागा असेल तरच. पुण्याहून आलेल्या बसची बॅटरी लोणावळ्यापर्यंत बरीच रिकामी झालेली असते, तिला अडचण नाही. घाटमाथ्यावरच पूर्ण चार्ज करून निघालेल्या बसला मात्र उतारावर वीज ठेवायला जागाच नसते, आणि संपूर्ण घाट साध्या ब्रेकवर उतरावा लागतो. म्हणून अशा मार्गावर चार्जिंग घाटाखाली करणं किंवा वर केलं तरी बॅटरी थोडी रिकामी ठेवणं, हेच शहाणपणाचं.