कणकेचे हात

आमच्या सोसायटीत दहीहंडीचा काला मी कालवते. म्हणजे, कालवायचे. पोहे किती भिजवायचे, लोणच्याचा खार किती घालायचा, ते मोजावं लागत नसे; हाताला कळायचं. त्या वर्षीही पहाटे अंघोळ, धुतलेलं पातळ, देवाजवळ दिवा आणि मगच स्वयंपाकघर. अगदी सोवळ्यात.

मध्ये एकदाच उठले. नातवाचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलेलं, सून अंघोळीला गेलेली. त्याला धुतलं, दुपटं बदललं, नळाखाली हात धरले, पदराला पुसले. वर खबरदारी म्हणून सॅनिटायझर चोळलं आणि परातीत दोन्ही हात घातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या आजोबांना उलट्या सुरू झाल्या. सकाळपर्यंत सात घरांत तेच. आजोबांना सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी मला विचारलं, “काकू, काला कुणी कालवला?” मी उखडलेच. “अहो, सोवळ्यात कालवलाय!” ते शांतपणे म्हणाले, “घरात कुणाला जुलाब होत होते का?”

मी गप्प.

तपासणी कुणाचीच झाली नव्हती, त्यामुळे शपथेवर सांगत नाही, असं तेही म्हणाले. पण ज्यांनी काला खाल्ला नव्हता ती घरं ठणठणीत होती. नोरोव्हायरससारखा विषाणू असावा, असा त्यांचा अंदाज. तो अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो, १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो आणि सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबणाने चोळून, वाहत्या पाण्याने हातावरून घालवावा लागतो. माझ्या खबरदारीची किंमत मला तेव्हा कळली.

राग मात्र बरेच दिवस गेला नाही. माझे हात घाण? पुढे सेमेलवाइस या डॉक्टरची हकिकत वाचली आणि जरा बरं वाटलं. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणींना तपासायला जात. त्याने त्यांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. त्या एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्याच हातांतून मरण जातं, हे कोण कबूल करणार?

धुवायचं कसं, ते मी आता बायकांना कणकेवरून सांगते. कणीक मळल्यावर हात बघा. नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत, अंगठ्याच्या मागे, अंगठीखाली ती वाळून बसते. ती निघेपर्यंत आपण चोळतोच ना? कारण ती दिसते. जंतू नेमके तिथेच बसतात, फक्त दिसत नाहीत. म्हणून न दिसणारी कणीक काढायची. साबण लावून निदान वीस सेकंद, मग धार, मग धुतलेला कोरडा पंचा. पदर नाही, पदराने मी सकाळपासून काय काय पुसलेलं असतं! साबण महागच हवा असं नाही. नळाला पाणी नसेल तर कुणाला तरी तांब्याने ओतायला सांगा, बादलीत हात बुडवू नका.

शिवाय ज्याचं पोट बिघडलंय त्याने त्रास थांबल्यावरही दोन दिवस दुसऱ्यांसाठी रांधू नये. मूल बरं झालं तरी त्याच्या शीतून विषाणू पुढे कितीतरी दिवस जात राहतो, तेव्हा दुपटं बदलणाऱ्याने तेवढे दिवस ढिलाई करायची नाही.

पुढच्या वर्षी काला कालवायला मी दुसऱ्या मजल्यावरच्या सुनेला बोलावलं. चांगली नाहून-माखून आली, हात धुतले आणि परातीपाशी बसली. बोटात अंगठी. म्हटलं, “ती काढ, आणि पुन्हा धुऊन ये.” तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला डॉक्टरांची आठवण झाली.