संगणकाला दुसरी हार्ड डिस्क जोडताना

संगणक म्हटला की आपले लक्ष प्रथम जाते ते त्याच्या पडद्याकडे आणि वेगाकडे. आपण वर्षानुवर्षे जे लिहितो, मोजतो, ध्वनिमुद्रित करतो, ते राहते कोठे, याचा विचार सहसा जागा संपल्याची सूचना आल्यावरच होतो. मग घाईघाईने काही फायली पुसल्या जातात, काही पेनड्राइव्हवर जातात, आणि कोणती कोठे गेली हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही. महाविद्यालयात हा प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प, खेडोपाडी जाऊन केलेली ध्वनिमुद्रणे, जुन्या अंकांच्या प्रतिमा, यांची दुसरी प्रत बाजारात विकत मिळत नाही.

यावर एक उपाय आपल्या हातातला आहे. टेबलावरच्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क बसविणे हे अर्ध्या तासाचे काम असून त्यासाठी एक स्टार स्क्रूड्रायव्हर पुरतो. मात्र डिस्क बसविणे आणि तिच्यावरील मजकूर सुरक्षित होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कशी करावी हे सांगता सांगता दुसरीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जागेचा हिशेब

आपल्या या नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या प्रतिमा करून ठेवाव्यात, अशी चर्चा निघाली तेव्हा मी प्रथम कागदावर हिशेब मांडला. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात टिपले, तर त्याची प्रतिमा आडवी २,४८० आणि उभी ३,५०८ ठिपक्यांची होते. म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. रंगीत प्रतिमेत प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, तेव्हा न दाबलेले एक पान २६ मेगाबाइटचे झाले. एका अंकाची १२० पाने धरली तर एक अंक ३.१३ गिगाबाइट, आणि असे ६० अंक धरले तर १८८ गिगाबाइट. आज मिळणाऱ्या बऱ्याच संगणकांत २५६ किंवा ५१२ गिगाबाइटची एकच एसएसडी असते आणि तिचा काही भाग विंडोज व इतर प्रणालींनीच व्यापलेला असतो. दुसरी डिस्क का लागते, याचे उत्तर या साध्या गुणाकारात आहे.

तुलनेसाठी एक जुना दाखला देतो. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजच्या मापाने हे पावणेचार मेगाबाइट होतात. आपल्या अंकाचे वरीलप्रमाणे टिपलेले एक पान ठेवावयास अशी सात यंत्रे लागली असती!

डिस्कच्या पोटात काय असते?

आजच्या हार्ड डिस्कमध्येही फिरत्या तबकड्याच असतात. चुंबकीय लेप दिलेल्या या तबकड्या बहुतेक डेस्कटॉप डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये तबकडीच्या कडेचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जातो. वाचणारे व लिहिणारे टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्या थरावर तरंगत असते. चालू डिस्कला धक्का का लागू देऊ नये आणि ती कॅबिनेटमध्ये सैल का ठेवू नये, हे यावरून ध्यानात येईल.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. मजकूर इलेक्ट्रॉनिक चिपांत साठविला जातो. हार्ड डिस्कमध्ये हवा तो भाग टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद, थांबावेच लागते. एसएसडीला हा फेरा नाही, म्हणून ती चपळ. उलटपक्षी, तेवढ्याच पैशांत हार्ड डिस्क पुष्कळ अधिक जागा देते. यास्तव विंडोज व कामाच्या प्रणाली एसएसडीवर आणि प्रतिमा, ध्वनिमुद्रणे, चित्रफिती दुसऱ्या हार्ड डिस्कवर, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

विकत घेण्यापूर्वी

दुकानात जाण्याआधी संगणकाचे कॅबिनेट उघडून चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, साडेतीन इंची डिस्क बसविण्याचा खण रिकामा आहे काय. दुसरी, मदरबोर्डवर साटा जोडणीचे तोंड मोकळे आहे काय. २००३ पासून रूढ झालेल्या या जोडणीने पूर्वीची ४० टाचण्यांची रुंद पट्टी आणि तिच्याबरोबरची ‘मास्टर-स्लेव्ह’ची कटकट इतिहासजमा केली, आता प्रत्येक डिस्कला स्वतंत्र केबल असते. काही मदरबोर्डांवर एम.२ एसएसडी बसविली की साटाची एखाद-दोन तोंडे बंद होतात. मदरबोर्डच्या पुस्तिकेत हे दिलेले असते, ते आधी वाचावे.

तिसरी गोष्ट वीजपुरवठ्याची. एसएमपीएसमधून साटाची चपटी, १५ पट्ट्यांची वीजजोडणी निघालेली असावी. डिस्क चालू असताना पाच ते दहा वॅट घेते, परंतु तबकड्या फिरावयास लागताना काही क्षण वीस-पंचवीस वॅटपर्यंत मागणी जाते. सुस्थितीतील एसएमपीएसला हा भार जड नाही. ज्या एसएमपीएसच्या केबली काढता-घालता येतात, त्याला दुसऱ्या एसएमपीएसची केबल मात्र कदापि लावू नये. तोंड तंतोतंत बसते, पण आतील तारांचा क्रम निराळा असू शकतो, आणि तसे असल्यास डिस्क क्षणात जळते. चौथी गोष्ट, साटाची डेटा केबल पेटीत आहे का ते विचारावे. नुसती डिस्क घेतली तर ती बहुधा मिळत नाही.

प्रत्यक्ष बसविणे

संगणक रीतसर बंद करावा, भिंतीवरील बटण बंद करावे आणि वायर काढून घ्यावी. नंतर संगणकाचे बटण एकदा दाबावे, म्हणजे आत उरलीसुरली वीज निघून जाते. उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत आपल्या अंगावर स्थिर विद्युत साठते. डिस्क हाती घेण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा, आणि डिस्क कडेने धरावी. खालच्या हिरव्या पट्टीला बोटे लावू नयेत.

स्क्रू दोन्ही अंगांना लावावयाचे असल्याने पुष्कळ कॅबिनेटांची दोन्ही झाकणे काढावी लागतात. डिस्क खणात सरकवून दोन्हीकडून दोन-दोन स्क्रू बसवावेत. साडेतीन इंची डिस्कचे स्क्रू जाड आट्याचे आणि अडीच इंचीचे बारीक आट्याचे असतात. आटे न जुळणारा स्क्रू जोर करून फिरविला तर डिस्कचेच आटे जातात. काही कॅबिनेटांत स्क्रूऐवजी प्लॅस्टिकचा ट्रे असतो; तेथे डिस्क नुसती दाबून बसते.

आता दोन जोडण्या. सात पट्ट्यांची बारीक केबल डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत, आणि रुंद केबल एसएमपीएसपासून डिस्कपर्यंत. दोन्हींच्या तोंडांना आतून काटकोनी खाच असल्याने ती एकाच बाजूने बसतात. बसत नसेल तर उलटून पाहावे, रेटू नये. त्या प्लॅस्टिकच्या जिभा सहज मोडतात. झाकण लावण्यापूर्वी एखादी केबल पंख्यात तर जात नाही ना, हे पाहावे.

संगणकाशी ओळख

संगणक सुरू होताच डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबली की बहुतेक मदरबोर्डांचा बायोस उघडतो. नव्या डिस्कचे नाव तेथे दिसले म्हणजे जोडणी बरोबर झाली. दिसले नाही तर संगणक बंद करून वायर काढावी आणि दोन्ही केबली पुन्हा घट्ट बसवाव्यात. संगणक प्रथम कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावा याचा क्रमही येथेच असतो. तो पूर्वीप्रमाणे, विंडोज असलेल्या डिस्कचाच ठेवावा.

विंडोज सुरू झाल्यावर ‘धिस पीसी’मध्ये नवी डिस्क दिसली नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. कोऱ्या वहीला अजून रेघा आखावयाच्या आहेत. स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडावे. तेथे डिस्कची आखणी कोणत्या पद्धतीने करावयाची, असा प्रश्न येतो, ‘जीपीटी’ निवडावे. ‘एमबीआर’ या जुन्या पद्धतीत ५१२ बाइटांच्या खणांची मोजदाद ३२ अंकी द्विमान संख्येने होते, त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटच्या पुढची जागा वापरताच येत नाही. मग रिकाम्या पट्टीवर उजवे बटण दाबून ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडावे, एनटीएफएस ठेवावे आणि डिस्कला ओळखता येईल असे नाव द्यावे.

या एका पडद्यावर मात्र सावकाश काम करावे. डिस्क ०, डिस्क १ हे क्रमांक सारखेच दिसतात. आकार आणि मॉडेलचे नाव वाचूनच कोणती डिस्क नवी ते ठरवावे. आणि जोडलेली डिस्क जुन्या संगणकातून काढलेली असेल, तर तिच्याविषयी ‘फॉरमॅट’ किंवा ‘इनिशिअलाइझ’ असा प्रश्न आल्यास होकार देऊ नये. तो होकार म्हणजे पूर्वीचा मजकूर गमावण्याची पहिली पायरी होय.

एक टेराबाइटची डिस्क घेतली आणि विंडोज ९३१ गिगाबाइटच दाखविते, तेव्हा दुकानदाराने फसविले असे वाटते. तसे नाही. उत्पादक एक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. डिस्क तीच, माप निराळे.

दुसरी डिस्क म्हणजे दुसरी प्रत नव्हे

इतके झाल्यावर फायली नव्या डिस्कवर न्यावयाच्या. येथे ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी. दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहावेत, आठ-दहा फायली उघडून पाहाव्यात, आणि खात्री झाल्यावरच जुन्या जागेचा विचार करावा. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने वरील १८८ गिगाबाइट उतरावयास एकवीस मिनिटे लागतील. बारीकसारीक फायली हजारो असल्या तर अधिक. त्या वेळात वीज जाणार नाही, यासाठी यूपीएस असलेला बरा.

आपल्यासारख्या द्विभाषिक अंकाला आणखी एक काळजी घ्यावी लागते. जुना मराठी मजकूर श्रीलिपीत आणि कन्नड मजकूर नुडी किंवा बरहमध्ये, युनिकोड नसलेल्या अक्षरसंचांत टंकलेला असेल, तर नुसती फाईल वाचवून भागत नाही. ते फॉन्ट संगणकात नसले की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा गोंधळ दिसतो. म्हणून फायलींबरोबर फॉन्टही ठेवावेत, आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा.

आता मुख्य मुद्दा. जागा होत नाही म्हणून पहिल्या डिस्कवरील फायली दुसरीवर हलविल्या आणि पहिलीवरून पुसल्या, तर प्रत एकच राहिली. तिचा पत्ता तेवढा बदलला. दोन्हींवर ठेवल्या तर एक डिस्क बिघडल्यास दुसरी उपयोगी पडेल. पण दोन्ही एकाच कॅबिनेटात, एकाच एसएमपीएसवर आहेत. वीज कोसळली, चोरी झाली, पावसाचे पाणी शिरले किंवा खंडणी मागणारा विषाणू घुसला, तर दोन्हींचे नशीब एकच. दोन डिस्क आपोआप एकसारख्या ठेवणारी ‘रेड-१’ ही व्यवस्थाही येथे तारत नाही. चुकून पुसलेली फाईल ती तत्काळ दोन्हीकडून पुसते.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ हा नियम म्हणून पाठ करण्याजोगा आहे. प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. कॅबिनेटातील दुसरी डिस्क या हिशेबात दुसऱ्या प्रतीचे काम करते. तिसरीसाठी बाहेरून जोडण्याची डिस्क घ्यावी, प्रत झाल्यावर ती काढून ठेवावी आणि दर तीन-चार महिन्यांनी जोडून फायली उघडतात का ते पाहावे.

आपल्या अंकापुरते बोलावयाचे तर माझी सूचना साधी आहे. मराठी विभागाने मराठी पाने आणि कन्नड विभागाने कन्नड पाने जपावीत, अशी वाटणी करू नये. दोन्ही विभागांच्या संगणकांत एकेक दुसरी डिस्क बसवावी आणि प्रत्येकीवर दोन्ही भाषांचे संपूर्ण अंक असावेत. तिसरी प्रत ग्रंथालयाच्या कपाटात राहील. म्हणजे एका खोलीतील संगणक गेला तरी दुसऱ्या खोलीत दोन्ही भाषांची सर्व पाने शाबूत असतील. यासाठी लागणारा खर्च दोन डिस्कचा, दोन केबलींचा आणि बाहेरच्या एका डिस्कचा आहे. उरलेले काम शास्त्र शाखेच्या कोणत्याही दोन विद्यार्थ्यांनी एका शनिवारी करावे.